मदत हवी आहे : ग्वाल्हेरच्या वेढ्यात जळतं तेल उतारावरून ओघळत नाही

मंडळी, युनिटी या गेम बनवायच्या इंजिनात दिल्लीचा सुलतान इल्तुत्मिशचा १२३२ चा ग्वाल्हेरचा वेढा उभा करतोय. मंजनीकातून (दगड फेकायच्या यंत्रातून) नफ्त, म्हणजे पेटणारं तेल, भरलेली मातीची मडकी फेकायची आहेत.

आधी मडकं दरवाज्यातून आरपार जायचं : वेग सेकंदाला ४० मीटर, फिजिक्सची पायरी (इंजिन दर इतक्या वेळाने हालचाल मोजतं) ०.०२ सेकंद, म्हणजे दर पायरीला ८० सेंटिमीटर, आणि फळी ३० ची. कोलिजन कंटिन्युअस (दोन पायऱ्यांमधली टक्करही तपासणारं) केल्यावर ते सुटलं.

अडलंय आगीत. जमिनीवर १ मीटरचे चौकोन, प्रत्येकात तेल आणि उष्णता असे दोन आकडे. सपाटीवर झकास पेटतं. किल्ल्याच्या चढणीवर मात्र गोल डबकं होऊन बसतं, कारण तेल चारही शेजाऱ्यांना सारखं वाटलं जातं. जमीन अधिक तेल अशी उंची धरून वाटलं, तर शेजारचे दोन चौकोन तेच तेल एकमेकांना परत देत राहतात आणि ज्वाळा लुकलुकतात. वाचायला आणि लिहायला वेगळे बफर (आकड्यांच्या दोन प्रती) ठेवावेत, की एका पायरीत उंचीतल्या फरकाच्या चौथाईहून जास्त तेल सोडू नये?

पाणी ओतलं की आग पसरायला हवी, वाळूनेच विझायला हवी; यात तडजोड नको. ही गणितं साध्या मोबाइलवर चालवलेल्या कुणी आकडे सांगाल का?