मदत हवी आहे: चाकणमधल्या कंपनीत पाळणाघर कसं सुरू करावं?

नमस्कार मंडळी. चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी एचआर सांभाळते, आम्ही साधारण 140 जण आहोत. आमची एक ताई 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपवून गेल्या महिन्यात रुजू झाली. दुपारी ती स्टोअररूममध्ये खोक्यावर बसून दूध काढते. दाराला कडी नाही, म्हणून मी बाहेर उभी राहते. ते बघून फार वाईट वाटतं.

50 किंवा अधिक कर्मचारी असले की पाळणाघर बंधनकारक आहे, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायचं, हेही कायद्यात आहे. साहेब म्हणतात, "मुलं तर दोनच, जागा कुठून आणू?" अहो, सोय नाही म्हणून आधीच्या दोघी नोकरी सोडून गेल्या, त्या कशा मोजायच्या?

शेजारच्या कंपन्यांशी मिळून एकच पाळणाघर चालवता येतं म्हणे. कुणी केलंय का असं? खर्च कसा वाटून घेतला? सांभाळणाऱ्या मावशी कुठून मिळाल्या? आणि सकाळच्या 7 च्या शिफ्टचं काय केलंत? पुढच्या आठवड्यात साहेबांसमोर प्रस्ताव ठेवायचाय. कृपया अनुभव सांगा.