दशक्रियेच्या प्रवचनासाठी महाराज कसे निवडावेत? (मदत हवी आहे)

आमच्या आईचे गेल्या आठवड्यात वृद्धापकाळाने निधन झाले. सावडण्याचा विधी पार पडला असून येत्या रविवारी नारायणगावाजवळ, मीना नदीच्या घाटावर दशक्रिया आहे. पिंडदान आमचे नेहमीचे गुरुजी करणार आहेत आणि त्याबद्दल घरात दुमत नाही. अडले आहे ते प्रवचनापाशी.

आमच्या भागाची रीत ठाऊक नसलेल्यांसाठी थोडे सांगते. पुणे, नगर, नाशिक या पट्ट्यात दशक्रियेला एकीकडे गुरुजींचे विधी चालू असतात आणि दुसरीकडे मंडपात एखाद्या वारकरी महाराजांचे प्रवचन असते. त्यानंतर श्रद्धांजलीची भाषणे होतात आणि मग सारे कावळ्याची वाट पाहत उभे राहतात. विधी मोजक्या माणसांना दिसतात. प्रवचन मात्र सगळा गाव आणि सगळे पाहुणे ऐकतात. त्यामुळे गेलेल्या माणसाला निरोप कसा दिला गेला, हे बरेचसे त्या महाराजांवर ठरते.

थोरल्या बंधूंच्या मनात एक नामांकित कीर्तनकार आहेत, ज्यांच्या चित्रफिती सर्वांच्या मोबाइलवर फिरत असतात. ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांची तारीख मिळवून देण्याची तयारी दाखवली आहे. बिदागी मोठी आहे, पण माझा आक्षेप पैशांना नाही (कीर्तनाच्या ठिकाणी अन्नसुद्धा घेऊ नये असे तुकोबांनी बजावून ठेवले आहे, पण तो वाद इथे नको). मला धास्ती वेगळीच आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या काकांच्या दशक्रियेला असेच एक प्रसिद्ध महाराज आले होते. त्यांनी काकांचे नाव हातातल्या चिठ्ठीवरून वाचले, तेही चुकीचे, आणि पुढचा पाऊण तास आजकालच्या सुना सासूला कशा वागवतात यावर मंडपाला हसवले. ज्या काकूंनी काकांचे अंथरुणातले सारे केले, त्या आणि त्यांच्या दोन्ही सुना पुढच्याच रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या.

मला सुचतो तो आमच्याच गावचा एक तरुण. आळंदीला जोगमहाराजांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत त्याचे शिक्षण झाले आहे, आणि पहिलीत असताना त्याला अक्षरे गिरवायला आईनेच शिकवले होते. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि निवृत्तीनंतर शरीर साथ देईपर्यंत तिने पायी वारी केली. बंधूंचे म्हणणे असे की, एवढा समाज जमणार असताना नवख्या मुलाला पुढे बसवले तर लोक नावे ठेवतील. त्यांचेही अगदी चूक आहे असे म्हणवत नाही, कारण आईचा लौकिक मोठा होता.

जाणकारांनी कृपया सांगावे की, महाराजांचा मान राखून त्यांना विषयाची आणि वेळेची मर्यादा कशी सांगावी, आईविषयीची माहिती आधी कळवणे योग्य दिसते का, आणि श्रद्धांजलीची भाषणे आवरायची कोणी?

प्रतिसाद १

ताई, आईंना भावपूर्ण श्रद्धांजली. आमच्या पंचक्रोशीत अशा प्रसंगी सूत्रसंचालन बहुधा माझ्याकडे असते, म्हणून लिहितो.

महाराज कोणीही असोत, तारीख पक्की करण्यापूर्वी मध्यस्थामार्फत न बोलता स्वतः फोन करा. "आई काय करायच्या? कोणत्या गावच्या?" असे ज्यांनी आपणहून विचारले, ते आईंविषयी बोलतील. ज्यांनी केवळ ठिकाण आणि गाडीची सोय विचारली, ते कालचेच प्रवचन उद्या करतील. माहिती कळवण्यात गैर काहीच नाही, उलट चांगल्या महाराजांना ती हवीच असते. एका कागदावर माहेर, ज्या ज्या शाळांत शिकवले ती गावे, वारीतली दिंडी आणि आईंच्या ओठी असलेला अभंग लिहून द्या. निरूपणाला तोच अभंग घ्यावा अशी विनंती केली, तर सुनांचे विनोद आपोआप मागे पडतात. वेळेबाबत "नऊ वाजता पिंड ठेवायचे आहेत" एवढेच सांगावे. विधीची वेळ सगळे पाळतात.

भाषणांसाठी गावातर्फे एक, शाळेतर्फे एक आणि पाहुण्यांतर्फे एक अशी नावे आदल्या रात्रीच ठरवा. पुढाऱ्यांची नावे सूत्रसंचालकाने "यांनी श्रद्धांजली अर्पण केली" असे म्हणून वाचून दाखवावीत. माइक घरच्या माणसाच्या हाती नको, त्याला कोणालाही नाही म्हणता येत नाही.

प्रतिसाद २

वरील सूचनांशी सहमत आहे, फक्त नामांकित म्हणजे वाईटच असे धरून चालू नये. आमच्या वडिलांच्या वेळी आलेले महाराज मोठ्या नावाचे होते, तरी ते अर्धा तास आधी येऊन आमच्या आईजवळ बसले आणि तिने सांगितलेलेच पुढे मंडपात बोलले. गेल्या वर्षभरात ज्या घरी त्यांचे प्रवचन झाले, अशा एकदोन घरांत चौकशी करा. खरे उत्तर तिथेच मिळेल.

थोरल्या बंधूंचा शब्द मोडू नये असे वाटत असेल, तर दशक्रियेला गावच्या त्या मुलाचे प्रवचन ठेवा आणि बंधूंच्या पसंतीच्या महाराजांना वर्षश्राद्धाच्या कीर्तनासाठी बोलवा. कीर्तनाला टाळकरी, मृदंग आणि दोन तासांचा अवकाश असतो, मोठा समाजही तिथे शोभतो, आणि मोठ्या महाराजांची तारीख वर्षभर आधी सांगितली तर मध्यस्थाचीही गरज पडत नाही. मुलाला होकार देण्यापूर्वी मात्र बंधूंनाच त्याच्याकडे पाठवा. निमंत्रण त्यांच्या तोंडून गेले, की घाटावर नावे ठेवणाऱ्यांना उत्तर तेच देतील.