मदत हवी आहे: लेबलवर इंग्लिशचा तो वरचा कॉमा नक्की कुठं द्यायचा?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लेबल, कॅटलॉगचं काम बघतो. घरी तेलुगु, शाळा मराठी मीडियम, इंग्लिश वाचता येतं पण हा अपॉस्ट्रॉफी काय डोक्यात बसत नाही. परवा बाहेरच्या पार्टीला लेडीज टॉवेलच्या लेबलचं प्रूफ पाठवलं, त्यात मी लेडीजमध्ये ई नंतर कॉमा देऊन मग एस टाकला होता, त्यांनी लाल गोल करून परत पाठवलं. छपाई झाली नव्हती म्हणून वाचलो. मालक काही बोलले नाहीत पण मला लई लागलंय मनाला.

चिल्ड्रनला एसच्या आधी कॉमा आणि लेडीजला एसच्या नंतर म्हणे, दोन्ही अनेकवचनच की, मग असं का? आणि इट्स कलर लिहायचं तर ‘त्याचा रंग’ म्हणजे मालकीच झाली ना, तिथं का नको म्हणतात? सोमवारी फायनल द्यायचंय.

उत्तर:
दादा, आधी वस्तू ज्याची आहे त्याचा शब्द पूर्ण लिहा, कॉमा त्याच्या पाठीमागं. लेडीज एसवर संपतो, म्हणून शेवटी नुसता कॉमा. चिल्ड्रन एनवर संपतो, म्हणून कॉमा आणि मग एस, मेनचंही तसंच. तुम्ही ई नंतर कॉमा दिलात तर मागं एल ए डी आय ई उरलं, असा शब्दच नाही. आणि नुसते ‘पुष्कळ टॉवेल’ म्हणायचं असेल तर टॉवेल्सला कॉमा अजिबात नको, ही चूक दुकानांच्या पाट्यांवर फार दिसते.

इट्सचं म्हणाल तर आपण ‘मीचा’, ‘तूचा’ म्हणतो का? माझा, तुझा हे तयार शब्द आहेत, तसेच हिज, युअर्स, अवर्स आणि हे इट्स. कॉमा दिला की ते इट इज किंवा इट हॅज होतं. ‘इट इज कलर’ वाचून बघा, जमत नाही, म्हणजे कॉमा काढा.

पार्टीचं नाव मात्र ते लिहितात तसंच उतरवा, तिथं नियम लावू नका. इंग्लंडातल्या वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानांनी २०१२ मध्ये नावातला कॉमा काढूनच टाकला.

धागाकर्ता:
ताई, मीचा-तूचा मुळं एकदम क्लिअर झालं, खूप आभार. आता हूडवाला बेबी टॉवेल आहे, एकाच बाळाचा, म्हणजे बेबीचा वाय तसाच ठेवून कॉमा आणि एस, बरोबर ना?