जुन्या एमजीबी रोडस्टरने लांबच्या प्रवासाला निघताना सोबत कोणते सुटे भाग ठेवावेत?

मिडलँड्सकर यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे १९७२ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची दोन आसनी ब्रिटिश गाडी, आहे. इंजिन मूळचेच १७९८ सीसीचे आहे, एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग) आहेत आणि प्लगांना पाळीपाळीने स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटरही जुन्या पॉइंट्सचाच (उघडझाप करणाऱ्या संपर्कांचा) आहे. येत्या जूनमध्ये मी आणि माझी पत्नी इन्व्हर्नेसहून निघून स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याला वळसा घालणाऱ्या नॉर्थ कोस्ट ५०० या सुमारे ८३० किलोमीटरच्या मार्गाने जाणार आहोत. गेल्या महिन्यात घरापासून अवघ्या काही मैलांवर गाडी अचानक बंद पडली आणि ती दुसऱ्या वाहनावर चढवून घरी आणावी लागली. नंतर कळले की डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरणारा रोटर आतून फुटला होता आणि स्पार्क प्लगपर्यंत न जाता दांड्यातच उतरत होता. मुठीत मावेल एवढा तो भाग सोबत असता, तर दहा मिनिटांत आम्ही मार्गाला लागलो असतो, ही गोष्ट मनाला फार लागून राहिली आहे.

आता यादी करायला बसलो, तर पाण्याचा पंप, अल्टरनेटर, स्टार्टर अशी ती वाढतच चालली आहे. डिकी लहान आहे आणि त्यातली बरीच जागा स्टेपनीनेच घेतली आहे. कोणती वस्तू न्यावी आणि कोणती घरी ठेवावी, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

यॉर्कशायरवासी

मी गेली अठरा वर्षे एमजीबी चालवतो आहे. माझी कसोटी एकच आहे: जो भाग मला रस्त्याच्या कडेला, पावसात, सोबतच्या हत्यारांनी स्वतः बसवता येईल, तोच मी नेतो. स्टार्टर मोटर तशी बसवता येत नाही, म्हणून ती घरी राहते. उलट पॉइंट्स, कंडेन्सर (पॉइंट्सवरची ठिणगी दाबणारा भाग), रोटर, डिस्ट्रिब्युटरची कॅप, एक प्लग, एक कॉइल (स्पार्कसाठी उच्च दाबाची वीज देणारा भाग) आणि फॅन बेल्ट हे सगळे बुटाच्या खोक्यात मावते आणि अशा गाड्या बहुधा याच भागांमुळे अडतात.

पेट्रोलच्या पंपाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. आपल्या गाडीचा एसयू पंप विजेवर चालतो आणि तो गाडीखाली उजव्या मागच्या चाकाजवळ असतो. किल्ली फिरवल्यावर तो टकटक वाजतो आणि कार्ब्युरेटर भरले की शांत होतो. सुरुवातीपासूनच आवाज आला नाही, तर त्याच्या आतले पॉइंट्स चिकटलेले असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी पान्याच्या दांड्याने पंपावर हलकेच ठोकले, तर तो पुष्कळदा पुन्हा सुरू होतो आणि मुक्कामापर्यंत पोचवतो. टकटक थांबतच नसेल, तर टाकी रिकामी आहे किंवा कुठेतरी गळती आहे असे समजावे आणि आधी वास घेऊन पाहावे.

गळतीवरून आठवले. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल ई१० झाले आहे, म्हणजे त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतात. आपण शक्यतो ई५ (पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे) भरत असलात, तरी उत्तरेकडच्या लहान पंपांवर ते मिळेलच असे नाही. म्हणून इथेनॉल सहन करणारी अर्धा मीटर नळी आणि दोन क्लिपा जरूर ठेवाव्यात. अग्निशामक डिकीत ठेवू नये. तो बसल्या जागेवरून हाताला लागला पाहिजे.

कोल्हापूरचे जुने गॅरेज

मी एमजीबी कधी दुरुस्त केलेली नाही, पण वडिलांच्या गॅरेजात आयुष्यभर ॲम्बेसिडर केल्या आहेत. तिचे १४८९ सीसीचे जुने इंजिन आणि आपले १७९८ सीसीचे इंजिन ही दोन्ही बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातली असल्यामुळे इग्निशनच्या खोड्याही सारख्याच असणार, या विश्वासाने लिहितो.

पहिली गोष्ट अशी की नवा भाग पाकिटासह डिकीत टाकू नये. नवा भाग आजच गाडीत बसवावा, दोन-तीनशे किलोमीटर चालवून पाहावा आणि काढलेला जुना, पण चालू असलेला भाग कापडात गुंडाळून सोबत ठेवावा. हल्ली मिळणारे कंडेन्सर आणि रोटर कोरे असतानाच खराब निघाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. खात्री नसलेला भाग बसवून गाडी सुरू झाली नाही, की मग दोष कुठे आहे हेच माणसाला कळेनासे होते.

दुसरी गोष्ट हाताच्या कामाची आहे. पॉइंट्स बदलताना आधी डिस्ट्रिब्युटरच्या खाली एक फडके पसरावे, कारण पॉइंट्सचा तो बारका स्क्रू हातातून निसटला, तर गवतात सापडत नाही आणि डिस्ट्रिब्युटरच्या आत पडला तर आणखी त्रास होतो. पॉइंट्सची पट्टी ज्या लहान खुंटीवर बसते, तिथे प्लॅस्टिकची बुशी असते; कॉइलकडून आलेली तार आणि कंडेन्सरची तार या दोन्हींची टोके पट्टीला टेकली पाहिजेत, पण खुंटीला मुळीच टेकता कामा नयेत. ती खुंटीला लागली की सगळा करंट थेट गाडीच्या लोखंडात (अर्थमध्ये) उतरतो आणि स्पार्क येतच नाही. शिकाऊ मुले याच ठिकाणी तास-तास घालवत असत. पॉइंट्सचा गॅप पंधरा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मिलिमीटर ठेवावा. गॅप मोजायची पट्टी, म्हणजे फिलर गेज, बारीक असतो आणि आयत्या वेळी सापडत नाही, म्हणून तो पॉइंट्सच्याच डबीत ठेवावा.

गरम झाल्यावर गाडी अडखळू लागली आणि थंड झाल्यावर पुन्हा चालली, तर मी सर्वांत आधी कंडेन्सरवर संशय घेतो. पॉइंट्स उघडताना तिथे मोठी पिवळी ठिणगी दिसली, तर संशय बहुतेक खरा ठरतो.

एडिनबरावासी

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे. मार्गाविषयी थोडी भर घालतो. ॲपलक्रॉस गावाकडे जाणारी बेलाख ना बा ही खिंड ६२६ मीटर उंचीवर आहे आणि तिथला चढ काही ठिकाणी वीस टक्क्यांपर्यंत जातो. एकच गाडी मावेल अशा अरुंद रस्त्यावर समोरच्या वाहनांसाठी थांबत-थांबत चढताना इंजिन तापते, म्हणून पाच लिटर पाणी, रेडिएटरच्या खालच्या होजचा एक जोड आणि सिलिकॉन टेप ठेवावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये, कितीही घाई असली तरी.

परावर्तक त्रिकोण गाडीमागे किमान ४५ मीटरवर ठेवावा, असा इथल्या वाहतूक नियमावलीचा सल्ला आहे. मोटरवेवर मात्र तो अजिबात वापरू नये. अनेक भागांत मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे छापील नकाशा आणि कपाळाला बांधायची बॅटरी या वस्तू मी सुट्या भागांइतक्याच महत्त्वाच्या मानतो.

आपली चाके तारांची असतील, तर त्यात ट्यूब असते, म्हणून ट्यूबलेस टायरचे पंक्चर-किट उपयोगी पडणार नाही. स्टेपनीची हवा तपासावीच, पण टायरच्या बाजूवर छापलेले चार आकडेही पाहावेत; पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. वापरात न आलेली स्टेपनी बाहेरून कोरी दिसते, तरी तिचे रबर वयाने कडक झालेले असू शकते.

यॉर्कशायरवासी

फ्यूजबद्दल लिहायचे राहून गेले. आपल्या गाडीतले काचेचे ३५ अँपिअरचे ब्रिटिश फ्यूज ३५ अँपिअरला वितळतात, पण सतत वाहून नेण्याची त्यांची क्षमता त्याच्या साधारण निम्मी असते. अमेरिकी पद्धतीचा ३५ आकड्याचा फ्यूज बसवला, तर तो वितळण्याआधी तारांचे आवरणच वितळेल. म्हणून योग्य जातीचे चार फ्यूज आधीच घेऊन ठेवावेत.

मिडलँड्सकर

सर्वांचे मनापासून आभार. कोल्हापूरच्या सदस्यांनी सांगितल्याप्रमाणे नवा रोटर आणि नवा कंडेन्सर गाडीत बसवले आहेत. जुना, चालू कंडेन्सर डबीत गेला आहे आणि माझा जुना रोटर फुटलेला असल्यामुळे दुसरा एक रोटर आठवडाभर चालवून मगच डबीत ठेवणार आहे.

काल अंगणात सोबतच्या हत्यारांनीच फॅन बेल्ट बदलून पाहिला. माझ्या पेटीत अर्ध्या इंचाचा एकच पाना होता आणि अल्टरनेटरचा बोल्ट धरायला एक व नट फिरवायला दुसरा, असे त्याच मापाचे दोन पाने लागतात हे तेव्हा लक्षात आले. मिलिमीटरचा तेरा नंबरचा पाना लावून पाहिला, तर तो नटावरून घसरू लागला, म्हणून काम तिथेच थांबवले. आज दुसरा अर्ध्या इंची पाना आणला आणि बेल्ट वीस मिनिटांत बसला. अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप ही नावे यादीतून काढून टाकली आहेत.