घाट उतरून समुद्र टिपताना : तुमचे अनुभव लिहा

साताऱ्यात राहून समुद्राचे फोटो काढायचे तर आधी घाट उतरावा लागतो. कराडकरांना कुंभार्ली, महाबळेश्वरवरून जाणाऱ्यांना आंबेनळी, सांगली-मिरजेच्या मंडळींना आंबा नाहीतर गगनबावडा. एवढं उतरून दोन दिवसांत परत यायचं आणि घरी कार्ड उघडलं की सूर्यास्ताचे साठ फोटो, सगळे एकाच तोंडवळ्याचे. माझं बरीच वर्षं असंच चाललं होतं.

रत्नागिरीत एका संध्याकाळी आभाळ भरून आलं, सूर्य दिसायची आशा संपली, म्हणून थिबा राजवाड्यात गेलो. थिबा म्हणजे ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. त्याला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढून देशाबाहेर आणलं. हा राजवाडा १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी बांधला आणि १९१६ साली तो रत्नागिरीतच वारला. ढगाळ उजेडात जांभ्याचा तो तांबडा रंग इतका खोल दिसत होता की दोन तास मी समुद्राकडे पाठ करून उभा होतो. किनाऱ्याचा माझा सगळ्यात आवडता फोटो तोच आहे आणि त्यात पाण्याचा थेंब नाही.

तुम्ही काय टिपलंत, काय हुकलं, काय शिकलात ते सविस्तर लिहा. कॅमेरा असो वा मोबाइल.

कराड

मी शाळेत शिकवते. सुट्टीत आम्ही गुहागरला जातो, चिपळूणमार्गे. पहिल्या खेपेला ओल्या वाळूत पडलेलं आभाळाचं प्रतिबिंब मिळालं होतं. तेच पुन्हा मिळावं म्हणून पुढच्या वर्षी गेले, तर संध्याकाळी पाणी थेट सुरूच्या झाडांपर्यंत. वाळूच नाही! तिथल्या एका होडीवाल्या काकांनी विचारलं, "आज तिथी कोणती?" मला सांगता येईना. मग त्यांनी हिशेब शिकवला.

तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांत हाच हिशेब. थोडं पुढेमागे होतं, पण फोटोसाठी पुरेसं आहे.

आता याचा अर्थ बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी, म्हणजे सूर्य मावळताना ओहोटी. उधाणाचे दिवस असल्याने पाणी मागेही खूप सरतं आणि आरशासारखी वाळू उघडी पडते. अष्टमीला नेमकं उलट, सूर्यास्ताला पाणी चढलेलं. तेव्हा खडकावर फुटणारी लाट मिळते, प्रतिबिंब मिळत नाही. माझ्या दुसऱ्या खेपेला अष्टमी होती. आता आमच्या घरात कोकणची तारीख भिंतीवरचं कॅलेंडर बघूनच ठरते. खडकांवर उतरतानाही हा हिशेब डोक्यात ठेवा. पाणी चढायला लागलं की मागची वाट आधी बंद होते.

सांगली, गावभाग

वडिलांकडे आगफा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. १९८४ साली आम्ही मालवणला गेलो तेव्हा बारांची वाटणी एसटीतच झाली होती: चार घरच्यांचे, सात सिंधुदुर्गाचे, एक मोरयाच्या धोंड्याचा. १६६४ साली किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा जिथे झाली तो किनाऱ्यावरचा खडक, त्याचा फोटो हवाच असा वडिलांचा हट्ट. तो काढताना त्यांनी चप्पल काढून ठेवलेली मला आठवते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. आमचं खालचं कपाट तीन दिवस पाण्यात होतं. अल्बमची पानं एकमेकांना चिकटून गेली. ओळखीच्या एका जुन्या फोटोग्राफर काकांनी फोनवर सांगितलं, "सुकू देऊ नकोस. स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेव आणि हळूहळू सोडव." मी आधीच पाच-सहा फोटो उन्हात ओढून काढले होते, त्यांचे चेहरे समोरच्या पानावर राहिले. बाकीचे पाण्यात सुटले. बारांपैकी पाच वाचले. धोंड्याचा वाचला, वडील असलेला एकुलता एक गेला.

दोन वर्षांपूर्वी तो वाचलेला फोटो घेऊन मालवणला गेलो. वडील कुठे उभे राहिले असतील ते मागच्या तटाच्या रेषेवरून जुळवायला तास गेला. जागा सापडली. तिथून एकच फोटो काढला.

वाई

थोडं कामाचं लिहितो. वाऱ्याबरोबर खारं पाणी येतं, काचेवर धुरकट थर बसतो आणि आपल्याला वाटतं फोकस चुकला. कोरड्या फडक्याने घासू नका, वाळूचे कण चरे पाडतात. आधी फुंकणीने हवा मारा, मग गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेलं मऊ कापड फिरवा. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. ट्रायपॉडचे पाय वाळूत दाबून रोवा आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. एसी खोलीतून थेट बाहेर काढलेल्या कॅमेऱ्यावर दव धरतं, पाव तास पिशवीतच राहू द्या.

मिरज

हर्णैचा मासळी लिलाव दुपारनंतर भरतो. पाण्यात उभ्या बैलगाड्या, टोपल्या, ओरडा, मागे सुवर्णदुर्ग. मी पोचलो तो थेट एका मावशींच्या तोंडासमोर लेन्स धरली. त्यांनी पदर ओढून तोंड फिरवलं आणि आजूबाजूच्या चौघीजणींनीही. त्या दिवशी मला माणसांच्या पाठीच मिळाल्या. दुसऱ्या दिवशी आधी सुरमई घेतली, भाव विचारला, कुठून आलो ते सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मिरजेत पण मिळते का रे चांगली?" मग कॅमेरा दाखवून विचारलं, काढू का? "काढ, पण धंद्याच्या मधे येऊ नको." आपण तिथे त्यांच्या कामाच्या वेळी गेलेलो असतो, हे मला आधीच कळायला हवं होतं. प्रिंट टपालाने पाठवली.

सातारा, धावडशीजवळून

आमच्या धावडशीत पहिल्या बाजीरावाचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांची समाधी आहे. स्वामी मूळचे साताऱ्याचे नव्हेत. चिपळूणजवळच्या परशुरामाला त्यांचं ठाणं होतं. १७२७ साली अंजनवेलच्या सिद्दीने ते देवस्थान उद्ध्वस्त केलं, मग शाहू महाराजांच्या आश्रयाने स्वामी घाटावर आले. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट, पण अंजनवेल कुठे आहे ते कधी बघितलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात गेलो. वाशिष्ठी समुद्राला मिळते त्या मुखावर अंजनवेलचा किल्ला, गोपाळगड, उभा आहे. जमिनीच्या बाजूला खंदक, आत आमराई. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या किल्ल्यांची सवय झालेल्या डोळ्यांना जांभ्याचा तट आधी मातीचाच वाटतो. दुपारच्या उन्हात कॅमेरा त्याला सपाट करून टाकत होता. साडेचारनंतर ऊन तिरपं झालं तेव्हा चिऱ्याच्या एकेका भोकात सावली बसली आणि तट उठून दिसायला लागला. खाडीपलीकडे दाभोळ, मध्ये गाड्या घेऊन ये-जा करणारी फेरीबोट.

परतताना मुद्दाम परशुरामाला थांबलो. तिथून वाशिष्ठीचं वळण दिसतं, त्याचा एक फोटो घेतला. तो आणि धावडशीच्या समाधीचा, दोन्ही मोठे करून आजोबांच्या खोलीत शेजारी शेजारी लावलेत. त्यांचं वय आता ८७, घाट उतरणं होणार नाही. ते रोज सकाळी चष्मा लावून वाशिष्ठीचा फोटो बघतात आणि मला विचारतात, स्वामी यातल्या कुठल्या वाटेने वर आले असतील?

कराडच्या ताई, पुढच्या पौर्णिमेला पुन्हा जातोय. तुमचा हिशेब लिहून घेतलाय.