मॉडेलं ढीगभर, पण हवा तो फोन भारतात मिळत नाही

तळहात
माझा पिक्सेल ४ए हल्ली दुपारी तीनलाच मान टाकतो, म्हणून नवा फोन शोधायला लागले. अट एकच. ठाण्याला लोकलमध्ये चढल्यावर एक हात कडीला असतो, उरलेल्या हाताच्या अंगठ्याने पडद्यावरची वरची पट्टी खाली ओढता आली पाहिजे. बस. कॅमेरा बेताचा असला तरी चालेल, गेमबिम मी खेळत नाही.

दुकानात काउंटरवर ओळीने फोन मांडलेले. रंग वेगळे, पाठीवरच्या कॅमेऱ्यांची नक्षी वेगळी, किंमत बारा हजारांपासून लाखापर्यंत. हातात घेतले की सगळे एकाच मापाचे: सोळा सेंटिमीटर उंच, साडेसात रुंद, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. करंगळीवर तोलून धरा आणि अंगठा ताणत बसा. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, वन हँड मोड आहे ना यात!" म्हणजे आधी मोठा पडदा विकायचा आणि मग तो अर्धा करून वापरायला शिकवायचं.

कोणी छोटे फोन बनवतच नाही असं असतं तर गप्प बसले असते. बनतात, पण इथे येत नाहीत. सोनीने २०१९ मध्ये भारतातून फोन काढून घेतले. पिक्सेल ४ आणि ५ इथे आलेच नाहीत. असूसचे झेनफोन ९ आणि १०, दोन्ही ५.९ इंची, नाहीत. शाओमीने २०२३ मध्ये १३ प्रो आणला, पण त्याचा ६.३६ इंची धाकटा भाऊ आणला नाही. विवोचा एक्स२०० प्रो मिनी चीनच्या बाहेर पडला नाही. जगातली दुसऱ्या नंबरची स्मार्टफोन बाजारपेठ म्हणून छाती फुगवायची आणि ताटात काय, तर तीच ती ६.७ इंची पाटी.

बेरकी_बाबू
ताई, तुमच्याच यादीतला शेवटचा फोन घ्या. चीनच्या बाहेर पडला नाही म्हणजे अमेरिकेत, युरोपातही नाही. मग रडगाणं भारताचंच का?

आणि छोट्या फोनचं म्हणाल तर आयफोन १२ मिनी आणि १३ मिनी भारतात रीतसर विकायला होते. ५.४ इंची, वजन १४० ग्रॅमच्या आत-बाहेर. जाहिरात होती, साठा होता, सर्व्हिस होती, नाव तर होतंच. दोन वर्षांत ॲपलने मिनी बंद केला आणि २०२२ मध्ये त्याच्या जागी ६.७ इंची प्लस आणला. तोही जगभर. छोटा फोन हवा असं इंटरनेटवर सगळे म्हणतात, खिशात हात घालायची वेळ आली की मोठाच घेतात. कंपन्या काय समाजसेवा करायला बसल्यात?

हडसनकाठी
भारतात निवड कमी म्हणणाऱ्यांनी एकदा अमेरिकेत येऊन फोन घ्यावा. शाओमी, विवो, ओप्पो, रियलमी यांपैकी एकाचाही फोन इथे अधिकृतपणे विकत नाहीत. हुआवेईचा रस्ता आधीच बंद होत आला होता, २०१९ च्या निर्बंधांनी उरलासुरला संपला. एलजीने २०२१ मध्ये फोनचा धंदाच सोडला. नथिंग नावाच्या कंपनीने पहिला फोन इथे आणला नाही, दुसऱ्यापासून आला. मोबाईल सेवा देणाऱ्या कंपनीच्या दुकानात गेलात तर आयफोन, सॅमसंग, पिक्सेल, कोपऱ्यात मोटोरोला. संपलं. त्यातही बहुतेक लोक त्याच दुकानातून दोन-तीन वर्षांच्या हप्त्यावर घेतात, त्यामुळे ते दाखवतील तो फोन आणि तोही लॉक केलेला, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम न चालणारा.

मी पुण्याहून येताना चांगला नवाकोरा फोन आणला होता. २०२२ मध्ये इथल्या बड्या कंपन्यांनी ३जी बंद केलं, आणि आमच्या मोबाईल कंपनीने कळवलं की तुमचा फोन आमच्या यादीत नाही, त्यावरून कॉल लागणार नाहीत. फोनमध्ये व्होल्टी, म्हणजे ४जीवरून कॉल लावायची सोय, होतं. भारतात त्यावरच रोज बोलत होतो. पण यादीत नाव नाही म्हणजे नाही. इंटरनेट चालू, व्हॉट्सॲप चालू आणि साधा फोन बंद. चाळीस मिनिटं होल्डवर राहून उत्तर मिळालं, "नवा घ्या, सवलत देतो."

आयफोन १४ पासून तर इथल्या आयफोनला सिमचा ट्रेच नाही. भावाला नेऊन दिला, तर मुंबईत त्याला ई-सिमसाठी खटाटोप करावा लागला. तुमच्याकडे वीस हजारांत जे मिळतं ना, त्याच्या जवळपासचं इथे त्या पैशांत दिसत नाही.

तळहात
हडसनकाठी, तुमच्याकडे दुष्काळ आहे म्हणून आमच्याकडे सुकाळ ठरत नाही.

मॉडेलं किती आहेत हा मुद्दाच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रेडमी १२ ५जी आणि पोको एम६ प्रो ५जी असे दोन "नवे" फोन एकापाठोपाठ आले. आत यंत्र एकच, पाठ तेवढी वेगळी. हे दोन पर्याय धरायचे की एक?

बाबू, छोटा फोन खपत नाही म्हणताय, तर असूसचं काय झालं ते ऐका. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यांना झेनफोन हे नाव भारतात वापरायला मनाई केली, कारण झेन नावाची देशी मोबाईल कंपनी आधीपासून होती. म्हणून झेनफोन ८ इथे असूस ८झेड झाला. जगात आला मे २०२१ मध्ये, इथे फेब्रुवारी २०२२ संपता संपता, किंमत ४२,९९९. आत स्नॅपड्रॅगन ८८८ ही चिप. तोवर पुढच्या पिढीची चिप असलेले फोन भारतात विकायला लागले होते. नाव अनोळखी, जाहिरात शून्य, चिप जुनी. पंगत उठल्यावर पान वाढायचं आणि मग म्हणायचं, पाहुण्याला भूकच नव्हती!

सोल्डरबाई
मी काही वर्षं फोनच्या तपासणीच्या कामात होते, त्यामुळे दुसरी बाजू सांगते. परदेशातला फोन उचलून इथे ठेवला असं होत नाही. बीआयएसची (भारतीय मानक संस्थेची) नोंदणी लागते, वायरलेस भागासाठी दूरसंचार खात्याची वेगळी मंजुरी लागते. फोनमधून शरीरात शोषल्या जाणाऱ्या रेडिओ लहरींची मर्यादा २०१२ पासून १.६ वॅट प्रति किलो, म्हणजे युरोपपेक्षा कडक. २०१७ पासून पॅनिक बटणाची सोय सक्तीची. आयएस १६३३३ या मानकाप्रमाणे फोनवर भारतीय भाषांची अक्षरं दिसली पाहिजेत. हा शेवटचा नियम मला मनापासून आवडतो, नाहीतर आपण हा धागा चौकोन-चौकोन वाचत बसलो असतो.

पिक्सेल ४ चं म्हणाल तर त्यात हाताचे हावभाव ओळखणारं छोटं रडार होतं, ६० गिगाहर्ट्झवर चालणारं. रेडिओ लहरींचा तो पट्टा तेव्हा भारतात विनापरवाना खुला नव्हता. त्यामुळे फोन आला नाही. यात ना कंपनीचा कट, ना ग्राहकाचा अपमान. फोनचे लाखो नग विकायचे असतील तर हा सगळा खटाटोप अंगावर येत नाही. पाच हजार नग खपणार असतील, तर सुटे भाग साठवायचा, सर्व्हिस सेंटरच्या पोरांना शिकवायचा खर्चसुद्धा निघत नाही.

आगाऊ_कार्टं
रडार काढून विकला असता तरी चाललं असतं की. त्या फोनसमोर हात हलवून गाणं बदलणारा एक तरी माणूस कोणी पाहिलाय का?

सोल्डरबाई
@आगाऊ_कार्टं, हो रे. पण भारतासाठी वेगळा प्रकार काढायचा, त्याची पुन्हा मंजुरी घ्यायची, हे करायला तेवढा खप दिसावा लागतो. फिरून गाडी तिथेच येते. रडार निरुपयोगी होतं हे मात्र खरं, पिक्सेल ५ मध्ये त्यांनीच काढून टाकलं.

तळहात
आणि रडार काढलेला पिक्सेल ५ सुद्धा भारतात आला नाही. आता?

मोबाईलवाला_सांगली
मी दुकानदार. दुकानातलं बोलतो, पटलं तर घ्या.

आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते तीन प्रश्न घेऊन येतं. बॅटरी किती, हप्ता किती बसतो, आणि जुन्याचे किती देणार. पडदा छोटा द्या म्हणणारं गिऱ्हाईक वर्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं, त्यातली निम्मी वयस्कर माणसं, त्यांना बटणवाला पाहिजे असतो. शेतात, गाडीवर, दुकानात बसून लोक त्याच फोनवर सिनेमा बघतात, पोरं त्यावरच क्लास करतात. घरात लॅपटॉप नाही, टॅब नाही. त्यांना मोठा पडदा ही चैन नाही ताई, गरज आहे.

पण ताईंचं एक बरोबर आहे. गिऱ्हाईकाला काय पाहिजे हे ठरायच्या आधी आम्हाला काय विकायचं ते ठरलेलं असतं. दुकानावरचा बोर्ड एका कंपनीने लावून दिलेला, आत उभा असलेला प्रमोटर दुसऱ्या कंपनीच्या पगारावर, आणि महिन्याचं टार्गेट गाठलं तरच वरची स्कीम मिळते. न खपणारं मॉडेल ठेवलं तर चार महिन्यांत कंपनी किंमत पाडते आणि माल माझ्या गळ्यात. एकदा असा एक छोटा फोन हौसेने ठेवला. खपले मोजके. नंतर एकाचा डिस्प्ले फुटला, तर कंपनीचा फोल्डर, म्हणजे काचेसकट डिस्प्लेचा अख्खा भाग, काही केल्या मिळेना, बाहेरचा टाकला तर टच धड चालेना. ते गिऱ्हाईक अजून रस्त्यात दिसलं की मीच गल्ली बदलतो. असा फोन पुन्हा कशाला ठेवू?

बेरकी_बाबू
झालं! काकांनी सगळं सांगितलं.

आता लोक नेहमी दुसरं रडगाणं गातात, भारतात किंमत जास्त. आयफोन १५ अमेरिकेत ७९९ डॉलर, इथे ७९,९००. पण आपल्या आकड्यात १८ टक्के जीएसटी आहे, तिकडच्यात विक्रीकर नाही. जीएसटी काढला की उरतात ६७,७०० च्या आसपास. तेव्हा डॉलर ८३ रुपये होता, म्हणजे ७९९ डॉलरचे झाले ६६,३००. फरक कुठाय? तो फोन इथेच जोडला जात होता, म्हणून. इथे बनवा, स्वस्त विका, यात वाईट काय?

तळहात
गणित आवडलं, तेच पुढे नेते. त्याच वेळचा आयफोन १५ प्रो घ्या, जो तेव्हा बाहेरून यायचा. अमेरिकेत ९९९ डॉलर, म्हणजे ८३,००० रुपये. इथे १,३४,९००. जीएसटी काढला तरी १,१४,००० च्या वर. मधले एकतीस हजार? त्यावेळी आयात शुल्क २० टक्के होतं (२०२४ च्या जुलैमध्ये ते १५ झालं). ते धरूनही सगळा हिशेब लागत नाही.

मुद्दा असा की जे लाखोंनी खपतं ते इथे बनतं आणि बऱ्या भावात मिळतं. माझ्यासारखीला लागणारा फोन कोणी इथे बनवणार नाही, आणि बाहेरून आला तर शुल्काने लंगडा होणार. मग तो खपणार नाही. मग बाबू येऊन सांगणार, बघा, खपला नाही.

ओसाका_डायरी
जपानमधून दोन शब्द. सोनीचा एक्स्पीरिया एस (Ace) ३, ५.५ इंची, २०२२ मध्ये फक्त इथेच आला होता. तळहात यांना हेवा वाटेल, पण त्यानंतर त्या मालिकेत नवा फोन आलेला नाही. क्योसेराने २०२३ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचे फोन सोडायचं ठरवलं. म्हणजे छोट्या फोनचं माहेरही आटतंय.

इथली वेगळीच गंमत. स्टेशनवर फोन टेकवून आत जायला फेलिका नावाची सोय लागते. अँड्रॉइडमध्ये ती जपानसाठी बनवलेल्या फोनांतच चालू असते, भारतातून आणलेला पिक्सेल कितीही महाग असो, फाटक उघडत नाही. आयफोन ८ पासूनच्या कुठल्याही देशातल्या आयफोनवर मात्र चालतं. मग नवा आलेला भारतीय काय घेणार? आमच्या ऑफिसात बघावं तिकडे आयफोन.

आगाऊ_कार्टं
ताई, वनप्लस १३एस घ्या की! ६.३२ इंची, जून २०२५ मध्ये खास भारतात आणला. विवो एक्स२०० एफई पण आहे, ६.३१. शाओमी १४ तर २०२४ मध्येच येऊन गेला. तुमचं गाऱ्हाणं कंपन्यांनी ऐकलंय, तुम्हीच मागे राहिलात.

तळहात
बघितला. ७१.७ मिलिमीटर रुंद, १८५ ग्रॅम. माझा ४ए ६९.४ आणि १४३ ग्रॅम. दोन मिलिमीटर ऐकायला काही नाही, वापरताना अंगठ्याला कळतं. वजनाचं तर बोलायलाच नको. ६.३ ला छोटा म्हणायचे दिवस आले हाच माझा वैताग आहे. शिवाय चीनमध्ये हाच फोन १३टी नावाने आहे, त्यात ६२६० एमएएचची बॅटरी, आपल्या १३एस मध्ये ५८५०. तोच फोन, आपल्याला बॅटरी कमी. का?

बेरकी_बाबू
नथिंग फोन ३ भारतात ५५०० ची बॅटरी घेऊन आला आणि बाहेर ५१५० ची. तेव्हा आपल्याला जास्त का, असं कोणी विचारलं नाही. जास्त मिळालं की हक्काचं, कमी मिळालं की अन्याय!

तुमची तक्रार खरी आहे, ताई, नाही म्हणत नाही. पण ती भारताविरुद्ध नाही, तुमच्या शेजारच्या सीटवर बसून रील बघणाऱ्यांविरुद्ध आहे. त्यांना ६.७ हवाय आणि ते जास्त आहेत.

तळहात
त्यांना त्यांचा लखलाभ. दुकानात माझ्यासाठीही एक असावा एवढंच म्हणतेय, त्यांचा काढून घ्या म्हणत नाही.

मोबाईलवाला_सांगली
ताई, एक १३ मिनी आलाय एक्स्चेंजमध्ये. बॅटरी हेल्थ ८१ दाखवतेय.

तळहात
फोल्डर कंपनीचा आहे की बदललेला?

मोबाईलवाला_सांगली
बदललेला. पण टच चांगला चालतोय, यावेळी आधी स्वतः वापरून बघितलाय.