फोर्कलिफ्टखाली पाय सापडला. ठेकेदार कागदावर सही मागतो आहे

प्रश्न: साकीनाकेकर, 11 मार्च 2024

माझा धाकटा भाऊ (वय 30) कुर्ला-अंधेरी मार्गालगतच्या एका गोदामात ठेकेदारामार्फत माल लावण्याचे काम करतो; पगार 15,500 रुपये. गेल्या महिन्यात रॅकच्या तोंडाशी पॅलेट (माल रचण्याच्या चौकटी) मोजत असताना शेजारून जाणारी फोर्कलिफ्ट (माल उचलून नेणारे यंत्र) वळली आणि तिचे मागचे चाक त्याच्या उजव्या पायावरून गेले. पायाचा अंगठा मुळापासून काढावा लागला. ठेकेदाराचे म्हणणे असे की भाऊ फोर्कलिफ्टच्या वाटेची हद्द दाखवणाऱ्या जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याला चिकटून उभा होता, त्यामुळे चूक त्याचीच. तरीही माणुसकी म्हणून तो 40,000 रुपये देईल, मात्र 'यापुढे कोणतीही मागणी नाही' अशा कागदावर सही हवी. गोदामाची कंपनी तर 'हा आमचा माणूसच नाही' म्हणून मोकळी झाली आहे. सही करावी का?

प्रतिसाद: कामगारवकील

सही करू नये. कर्मचारी भरपाई अधिनियम, 1923 च्या कलम 17 नुसार भरपाईचा हक्क सोडून देणारा करार मुळातच निरर्थक ठरतो. तरीही असा कागद समोरच्याच्या हाती असला की तो प्रत्येक तारखेला पुढे केला जातो आणि वेळ जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

चूक कोणाची हा प्रश्न येथे जवळजवळ गैरलागू आहे. कामावर असताना आणि कामामुळे अपघात झाला, एवढे पुरे. मालकाला सुटण्याच्या वाटा मोजक्या आहेत: कामगार नशेत असणे, सुरक्षेचा स्पष्ट नियम त्याने जाणूनबुजून मोडणे किंवा सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढून टाकणे. पट्ट्याजवळ बेसावध उभे राहणे यांत बसत नाही. 'आमचा माणूस नाही' हेही चालत नाही, कारण कलम 12 प्रमाणे ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई मूळ मालकाकडूनही, म्हणजे येथे गोदामाच्या कंपनीकडूनही, मागता येते आणि पुढे ठेकेदाराकडून ती वसूल करणे हा त्या मालकाचा प्रश्न असतो.

मात्र आधी एक गोष्ट तपासा. पगार 21,000 रुपयांपर्यंत असल्याने भाऊ कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, असायला हवा. तसे असेल तर 1923 च्या कायद्याखाली वेगळा दावा लावता येत नाही. लाभ विमा महामंडळच देते. ठेकेदाराने वर्गणी भरलीच नसेल तरी घाबरू नका. ज्याची वर्गणी देय होती तोही कायद्याने विमित व्यक्तीच ठरतो, आणि महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.

आस्थापनाच ईएसआयबाहेर असेल, तर हिशेब असा: पगार 15,000 रुपयांहून जास्त असला तरी 15,000 रुपयेच धरायचे, त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000, त्याला कायद्यात वय 30 साठी दिलेल्या 207.98 या गुणांकाने गुणले की पूर्ण अपंगत्वाची रक्कम 18,71,820 रुपये होते. अंगठा मुळापासून गेल्यास अनुसूचीत कमाईक्षमतेची हानी 14 टक्के धरली आहे, म्हणजे सुमारे 2,62,055 रुपये. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसल्यास 50 टक्क्यांपर्यंत दंड. दाव्याची मुदत दोन वर्षे. 40,000 चा आकडा याच्या शेजारी ठेवून पाहा.

प्रतिसाद: गोदामपर्यवेक्षक

कायद्याचे वर आलेच आहे. मी यंत्राबद्दल लिहितो, कारण ठेकेदाराचा पिवळ्या पट्ट्याचा मुद्दा मला फसवा वाटतो. मोटार पुढच्या चाकांनी वळते, फोर्कलिफ्ट मागच्या. त्यामुळे ती डावीकडे वळली की तिचे बूड उजवीकडे बाहेर फेकले जाते आणि पुढचा भाग ज्या वाटेने गेला त्या वाटेच्या बाहेर मागचे चाक जाते. म्हणून माणूस पट्ट्याच्या बाहेर असूनही सापडू शकतो, आणि वळणावर नुसता रंग न मारता लोखंडी कठडा लावावा लागतो. चालत्या फोर्कलिफ्टच्या टप्प्यात उभे राहून कोणालाही माल मोजायला लावूच नये. मोजणी चालू असेल तर ती गल्ली साखळीने बंद करायची, एवढा साधा नियम आमच्याकडे आहे आणि घाईच्या दिवशी सर्वांत आधी तोच मोडला जातो.

बाकीची काळजी सर्वांना माहीत असते, पाळली जात नाही. माल जमिनीपासून वीतभरच वर ठेवून यंत्र चालवावे, भार समोरची दृष्टी अडवत असेल तर मागे तोंड करून जावे, उतारावर भार नेहमी चढाच्या बाजूला ठेवावा. पावसाळ्यात लोडिंगच्या उतारावर पाणी येते तेव्हा यातल्या प्रत्येक चुकीची किंमत वाढते. यंत्र उलटू लागलेच तर चालकाने उडी मारू नये. आसनाचा पट्टा लावलेला ठेवून सुकाणू घट्ट धरावे, कारण उडी मारणारा बहुधा छताच्या लोखंडी चौकटीखाली चिरडला जातो.

सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्याची मागणी आजच लेखी करा. काही आठवड्यांनी जुने चित्रण आपोआप पुसले जाते. चालकाला प्रशिक्षण दिल्याची नोंद आणि मागे जाताना वाजणारा भोंगा चालू होता की नाही, हेही त्याच पत्रात विचारा.

साकीनाकेकर

दोघांचेही आभार. भावाच्या पगारपावतीवर दरमहा 117 रुपयांची 'ईएसआय' कपात आहे, पण विमा क्रमांक त्याला कधीच मिळालेला नाही.

प्रतिसाद: कामगारवकील

15,500 च्या 0.75 टक्के म्हणजे 116.25, वरच्या रुपयाला पूर्ण करून 117. म्हणजे कपात योग्यच झाली आहे आणि पावती हाच तुमचा पुरावा आहे. ती, आधारपत्र आणि रुग्णालयाची सर्व कागदपत्रे घेऊन ईएसआयच्या जवळच्या शाखा कार्यालयात जा. तेथे दाद लागली नाही तर महामंडळाच्या लोअर परळ येथील कार्यालयात, पंचदीप भवनात, लेखी तक्रार द्या. मालकाने अपघात अहवाल पाठवला आहे का, हे आधी विचारा. कामावर जाता येत नाही तोवर सरासरी रोजच्या मजुरीच्या सुमारे 90 टक्के रोख लाभ मिळतो आणि कामावरच्या इजेसाठी किमान वर्गणीची अट नाही. कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवते व त्यानुसार लाभ आयुष्यभर मिळतो. खाजगी रुग्णालयाच्या मूळ पावत्या कोणालाही देऊ नका, प्रतिपूर्तीच्या अर्जाला त्या लागतील. आणि तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना भावाला कामावरून काढण्यास ईएसआय कायद्याच्या कलम 73 ने मनाई आहे. ठेकेदाराने तशी धमकी दिली तर ती लेखी मागा.